टाक्याचा भाव

एखाद्या वस्तूच्या बदल्यात जे द्यावे लागते त्याला मराठीत तीन-चार नावे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालतात असे आपण धरून चालतो. ‘मोल’ हे संस्कृत ‘मूल्य’चे घरात वाढलेले रूप. ‘किंमत’ अरबीतली, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेली. ‘दर’ सरकारी कागदावर अधिक शोभणारा. ‘भाव’ मात्र बाजारात जितका वावरतो तितकाच रसचर्चेतही. प्रत्यक्ष भाषेत या शब्दांनी आपापली कामे वाटून घेतलेली दिसतात. मोल श्रमाला चिकटले, म्हणून मोलकरीण आणि मोलमजुरी. तेच पुढे एका टोकाला अनमोल झाले आणि दुसऱ्या टोकाला कवडीमोल. किंमत माणसाची होते किंवा होत नाही. भाव चढतो, उतरतो आणि काही जण तो खातातही. वर्गात शब्दार्थाच्या छटा शिकवताना ही उदाहरणे आम्ही वर्षानुवर्षे देत आलो. ती आमच्या वहीतल्या हिशेबात येऊन बसतील असे मात्र वाटले नव्हते. ती आली गोधडीमुळे.

आम्ही दोघी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघींनी चाळिशी ओलांडली आहे, दोघींच्या नावापुढे एम.ए. आहे, सेटची प्रमाणपत्रे आहेत आणि दोघीही तासिका तत्त्वावर आहोत. या व्यवस्थेशी ज्यांचा संबंध आला नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की वर्गात उभे राहिलेला तास मोजला जातो आणि त्या तासासाठी घरी घालवलेले तीन तास मोजले जात नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीत तासिका नाहीत, म्हणून मानधन नाही. झालेल्या तासिकांचे मानधनही कित्येकदा सत्र उलटून गेल्यावर हाती येते. या मधल्या कोरड्या महिन्यांत, सुमारे दहा वर्षांपूर्वी, आमच्याच आळीतल्या बायकांबरोबर आम्ही गोधड्या शिवायला बसलो. लहानपणी आजीच्या हाताखाली धावदोरा घालायला शिकलो होतो. हात विसरले नव्हते. आज आमच्या गटात आम्ही धरून नऊ जणी आहोत. त्यातल्या सात जणींचे शिक्षण सातवी-आठवीच्या पुढे गेलेले नाही आणि नऊही जणींना या कामाच्या पैशाची गरज आहे. हे शेवटचे वाक्य पुढच्या मजकुराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण गोधडीविषयीचे बरेचसे लेखन हौसेच्या बाजूने होते.

गोधडीला आपल्या परंपरेत प्रतिष्ठा आहे, पण ती विरक्तीची. संस्कृतातली ‘कंथा’ ही जोग्यांची, भिक्षूंची. बंगालातली ‘कांथा’ तिच्याच नात्यातली. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र असे, म्हणून काही भागांत लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत गोधडी आहे आणि वाकळही आहे. आमच्या भागात आजही वाकळ हाच शब्द जास्त चालतो. गिऱ्हाईक शहरातले असले की आम्ही गोधडी म्हणतो. तान्ह्या मुलाचे असले तर ते दुपटे. हे सगळे शब्द फाटक्यातून उभ्या केलेल्या उबेचे आहेत, आणि फाटक्याची किंमत मागायची कशी, हा संकोच त्या शब्दांबरोबरच आपल्याकडे आला आहे.

पूर्वी तो प्रश्न फारसा येत नसे. घरातली जुनी लुगडी, धोतरे साठवायची. सुगी संपली की दुपारची जेवणे उरकून सोप्यात थर अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि शेजारणींनी चारी बाजूंनी बसून टाके घालत मध्याकडे यायचे. ज्या घरात शिवणारे हात नसत तिथे शिवून देणाऱ्या बाया येत. त्यांना पायली-दोन पायली ज्वारी, एखादे जुने लुगडे, वर थोडे पैसे मिळत. म्हणजे त्या कामाला मोल होते, किंमत नव्हती. गोधडी बाजारात आली ती पुष्कळ नंतर. नऊवारी सुती लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, कपाटे कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी भरली, त्या साड्या झिजत नाहीत आणि मऊही होत नाहीत. जुने सुती कापडच दुर्मीळ झाले. दुसरीकडे शहरातल्या घरांना आजीच्या उबेची आठवण येऊ लागली. या दोन्हींच्या मध्ये आमच्यासारख्यांचे दुकान उभे राहिले.

आता हिशेब. एका माणसाच्या पांघरुणाची गोधडी सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद धरू. टाक्यांच्या ओळींत बोटभर अंतर ठेवायचे, म्हणजे साधारण पाऊण इंच. साडेचार फुटांत अशा ७२ ओळी बसतात. प्रत्येक ओळ सहा फुटांची. म्हणजे एका गोधडीत ४३२ फूट धावदोरा. एका इंचात चार टाके धरले तर वीस हजारांच्या वर टाके होतात. चार-पाच थरांतून सुई काढत एक ओळ पुरी करायला आमच्या हाताला अर्धा तास लागतो. ७२ ओळींना ३६ तास. त्याआधी साड्या धुणे, विरलेला भाग काढणे, तुकडे कापून वरचा थर जोडणे, अस्तर लावणे आणि शेवटी काठाची पट्टी घालणे यांत आणखी १६ तास जातात. एकूण ५२ तास. ही बेरीज आम्ही कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत, तीन निरनिराळ्या जणींच्या हाताखाली, वहीत टिपून घेतली आहे.

तासाला काय धरायचे? त्यासाठी आम्ही एक खुंटी शोधली. २०२४-२५ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला ३७ रुपये. माती उचलण्याला सरकार एवढे देते, तर ज्या कामाला वर्षानुवर्षे हात बसवावा लागतो त्याला काहीतरी अधिक असावे, म्हणून आम्ही ५० धरले. ५२ तासांचे २६०० झाले. अस्तर, दोरा, पट्टीचे कापड, धुलाई यांचे ६५०. एकूण ३२५०. या आकड्यात नफा नावाची गोष्ट नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. तरीही हा आकडा उच्चारला की समोरच्या माणसाच्या भुवया वर जातात, कारण रस्त्याच्या कडेला यंत्रावर शिवलेली गोधडी याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळते.

गिऱ्हाइकांचे एक वाक्य आम्हांला पाठ झाले आहे: “कापड तर आमचंच आहे, मग एवढे कसे?” असे म्हणणारी माणसे वाईट नसतात. बहुधा त्यांनी आई गेल्यावर तिच्या साड्या आणलेल्या असतात. त्या साड्यांना त्यांच्या लेखी किंमतच नाही, त्या अनमोल आहेत. आणि एवढी अनमोल गोष्ट आपण दिली असताना शिवणाऱ्या बाईने पैशाची भाषा करावी हे त्यांना खटकते. इथे ‘भाव’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांसमोर येऊन उभे राहतात. सुरुवातीपासून आमचा नियम असा, की आईविषयी बोलणे आधी पुरते ऐकायचे, घाई करायची नाही. मग एक ओळ त्यांच्यादेखत शिवून दाखवायची. अर्धा तास. बहुतेक जण दहा मिनिटांत घड्याळ पाहतात. त्यानंतर घासाघीस झालीच तर ती आम्ही आकड्यावर होऊ देत नाही, कामावर होऊ देतो. ओळींतले अंतर दुप्पट केले तर शिवण्याचे १८ तास वाचतात आणि ९०० रुपये कमी होतात. गोधडी जरा भुसभुशीत होते आणि लवकर विरते, तेही सांगतो. म्हणजे गिऱ्हाईक कमी पैसे देऊ शकते, पण त्याच कामाला कमी पैसे देऊ शकत नाही. काही जण हे समजून घेतात, काही जण साड्या घेऊन परत जातात. जाणाऱ्यांना आम्ही चहा देतो.

गिऱ्हाइकाला तोंड देणे त्या मानाने सोपे, कारण तो बाहेरचा असतो. जे आपल्यासारखेच सुई धरतात त्यांची टीका वेगळी लागते. साहित्याच्या अभ्यासकांना याचे नवल वाटू नये. समीक्षकापेक्षा समानधर्म्याचे एक वाक्य लेखकाला जास्त दिवस झोंबते, हे आपण पाहिलेले आहे.

शहरातल्या प्रदर्शनात आमच्या शेजारी ज्या कलावती बसतात त्यांचे शिक्षण कलाशाळेतले आहे. त्यांच्या गोधड्या भिंतीवर टांगण्याच्या असतात आणि त्या आमच्या तिप्पट-चौपट किमतीला जातात. पहिल्याच वर्षी त्यांतल्या एकीने चहाच्या वेळी स्पष्ट सांगितले: “तुम्ही एवढ्या स्वस्तात देऊ नका. तुमच्यामुळे आमच्या किमती लोकांना लूट वाटायला लागतात.” दुसरीने रंगांवर बोट ठेवले. तिच्या मते आमच्या तुकड्यांची मांडणी योगायोगाची होती. यावर आम्ही त्या संध्याकाळी बरेच बोललो. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. ती आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहितो. हिरव्या खणाशेजारी हिरवेच इरकल ठेवले तर संवाद, मध्येच तांबडा तुकडा आला तर विरोध, आणि तोच तांबडा समोरच्या कोपऱ्यात पुन्हा आला तर समतोल. आमच्या गटातल्या बायका हे न शिकता करतात. पण त्यांच्यापुढे आणखी एक तत्त्व असते आणि ते कोणत्याच सौंदर्यशास्त्रात सापडत नाही: तुकडा जिथे पुरतो तिथेच लागतो. टिकाऊ कापड पायाकडे, मऊ कापड तोंडाकडे. पायाकडे ओढाताण जास्त, तोंडाकडे गालाचा स्पर्श. या मांडणीला योगायोग म्हणणाऱ्याने ती गोधडी एक रात्र पांघरून पाहिलेली नसते. एवढे बोलून झाल्यावरही त्या बाईचे म्हणणे पुरते खोटे ठरत नव्हते. टांगलेल्या वस्तूला टांगण्याचे नियम लागू होतात, आणि प्रदर्शनात आम्हीही गोधडी दोरीवर टांगूनच ठेवली होती.

अ‍ॅलिस वॉकर यांची ‘एव्हरीडे यूज’ ही १९७३ ची कथा इंग्रजीच्या वर्गांत पुष्कळ वाचली जाते. आईच्या घरातल्या गोधड्या शहरातून आलेल्या शिकलेल्या मुलीला भिंतीवर लावायला हव्या आहेत. घरातली दुसरी मुलगी त्या रोज पांघरील आणि झिजवून टाकील, अशी पहिलीची तक्रार आहे. आई अखेर त्या दुसरीला देते. कथा वाचताना आपण सगळे आईच्या बाजूचे असतो. पण आम्ही ती कथा पुन्हा वाचली तेव्हा एक प्रश्न मनात राहिला. या गोधड्या कुणाला द्यायच्या यावर कथा उभी आहे. त्या शिवणाऱ्या बायकांच्या दुपारींचा हिशेब मात्र घरातल्या घरातच राहतो, म्हणून तो कुणी मांडत नाही. ती गोधडी बाजारात असती तर आईचा निर्णय एवढा सोपा राहिला नसता.

तो कसा राहत नाही हे अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीने दाखवले. तिथल्या आणि आसपासच्या कृष्णवर्णीय बायकांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. मतदानाच्या हक्काच्या चळवळीचे ते दिवस होते, आणि गोधड्यांच्या पैशाला त्या लढ्याचाही अर्थ होता. पुढे २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ मध्ये त्यांतल्या काही बायकांना, आपल्या कामाचा पुरेसा मोबदला आपल्याला मिळाला नाही, म्हणून न्यायालयात जावे लागले. पुढच्या वर्षी तो वाद आपसात मिटला. गोधडी भिंतीवर चढली म्हणून शिवणारीचा भाव आपोआप चढत नाही, एवढा बोध आम्ही त्यातून घेतला.

शहरातली टीका आम्ही अशी पचवत होतो, तेवढ्यात घरातून दुसरी आली. आमच्या गटातल्या सर्वांत वयस्कर मावशी सत्तरीच्या पुढच्या आहेत. त्या गोधडीची पुढची बाजू पाहतच नाहीत. हातात घेतली की उलटी करतात, पाठीवरून तळवा फिरवतात आणि मग बोलतात. स्वतःच्या गोधड्या त्या गावातच विकत. गटाच्या प्रदर्शनात त्यांना रस नव्हता. त्यांच्या गोधडीला गावात बाराशे मिळत. आमची शहरात ३२५० ला जाते हे त्यांना कळले, तेव्हा त्यांनी आमची गोधडी मागून घेतली, उलटी केली, तळवा फिरवला आणि म्हणाल्या, “म्याडम, टाका तुमचाबी तेवढाच, आमचाबी तेवढाच. दोरा त्योच. मग तुमची वाकळ बोलती आन् आमची मुकी, आसं हाय व्हय?”

आम्ही इतकी वर्षे समीक्षा वाचतो, पण आमच्या कामावर याहून नेमके वाक्य कुणी उच्चारलेले नाही. आमच्या गोधडीबरोबर एक चिठ्ठी जात असे. कोणत्या साड्या, कोणत्या गावच्या, किती टाके, किती दिवस. ती चिठ्ठी आम्ही लिहीत होतो आणि ती चांगली लिहिलेली असे. आमची भाषा हेही एक कसब आहे, त्यासाठी आम्ही आयुष्याची काही वर्षे दिली आहेत, हे खरे. पण दोन हजार रुपयांचा फरक त्या चिठ्ठीचा होता का? दलित साहित्याच्या समीक्षेने मराठीत विचारलेला प्रश्न फार दूरचा नव्हता. निकष कुणाचे, आणि ज्याच्याजवळ निकषांची भाषा नाही त्याच्या निर्मितीचे मोल कोण ठरवणार? तो प्रश्न आम्ही परीक्षेत दहा गुणांसाठी घालतो. इथे तो सोप्यात, वाकळीच्या उलट्या बाजूवर तळवा ठेवून विचारलेला होता.

उत्तर शोधताना आम्हांला वर्ध्याची आठवण झाली. चरखा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला. पहिली दहा वर्षे सूत कातणाऱ्या बायकांना अगदी थोडी मजुरी मिळे आणि खादी स्वस्तात स्वस्त कशी विकता येईल यावर भर असे. १९३५ मध्ये गांधींनी या गणिताची दिशाच फिरवली. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात संघाने ठरवलेली किमान मजुरी त्याहून बरीच कमी राहिली, पण खादीची किंमत कातणारीच्या पोटापासून मोजायची, हे तत्त्व मान्य झाले. खादी महागेल, खप घटेल आणि आहे तेही काम बायकांच्या हातून जाईल, असा आक्षेप खादीचे काम करणाऱ्यांकडूनच आला. तो चुकीचा म्हणता येत नाही. त्याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबा दिवसभर कातून येणाऱ्या मजुरीतच स्वतःचा निर्वाह चालतो का, हे करून पाहत होते. दुसऱ्याच्या श्रमाचा दर ठरवण्याआधी तो दर स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचा, ही पद्धत आम्हांला पटली. आमच्या बाबतीत ती जरा उलट होती. आमच्या तासाचा दर दुसरे कुणीतरी ठरवते आणि तो ताटात वाढून आलेला असल्यामुळे न मोजलेला तास म्हणजे काय, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत आम्ही वही उघडली आणि कामाचे दोन भाग केले. शिवण्याचा तास कुणाचाही असो, त्याला ५० रुपये. मावशींचा तास आणि आमचा तास यांत फरक नाही. गिऱ्हाइकाशी बोलणे, चिठ्ठी लिहिणे, फोटो काढणे, प्रदर्शनाला जाणे हे वेगळे काम. ते जी करील तिला गोधडीमागे २५० रुपये. हा आकडाही आम्ही तास मोजूनच काढला. म्हणजे गोधडीची किंमत ३५०० झाली, कुणीही शिवलेली असो. चिठ्ठीवर शिवणारीने सांगितलेला मजकूर तिच्याच बोलीत जाऊ लागला. लिहायचे काम तेवढे आमचे. शहरातल्या शेजारणींचा आक्षेपही यामुळे निम्मा मिटला. आमची गोधडी स्वस्त का, या प्रश्नाला आता उत्तर आहे: ती स्वस्त नाही, तिच्यात एवढे तास आहेत, तुमच्यात किती आहेत ते सांगा. एकीने खरेच मोजले आणि तिचाच दर तासाला चाळीसच्या आत निघाला. तेव्हापासून ती आमच्याजवळ बसते.

टीकेला सामोरे जाण्याची आमची रीतही या बैठकांतून ठरत गेली. टाक्याविषयी कुणी काही म्हटले तर वाद घालायचा नाही. दोरा तिथल्या तिथे ओढून पाहायचा. तो सैल असेल तर ओळ उसवायची, घट्ट असेल तर विषय संपला. रंगाविषयी कुणी म्हटले तर ऐकायचे, आठ दिवस तसेच ठेवायचे आणि मग शिवणारीने ठरवायचे. किमतीविषयी कुणी म्हटले तर त्याचा हिशेब मागायचा. ज्याच्याकडे हिशेब आहे त्याच्याशी बोलणे पुढे जाते. ज्याच्याकडे नुसता आकडा आहे त्याच्याशी जात नाही. हीच रीत साहित्याच्या समीक्षेला लावून पाहण्याचा मोह आम्हांला होतो, पण तो विषय वेगळा.

हे सारे नीटनेटके दिसते, आणि म्हणूनच पुढची गोष्ट सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस एका कृषी पर्यटन केंद्राच्या मालकांनी चाळीस गोधड्यांची मागणी आणली. खोल्यांत घालायच्या होत्या. दर गोधडीला १५०० रुपये, एकरकमी, निम्मे आगाऊ. आम्ही गणित मांडले. सामानाचे ६५० वजा केले तर ५२ तासांचे ८५० उरतात. तासाला १६ रुपये. विरळ टाक्याची गोधडी केली तरी ती २३५० च्या खाली येत नव्हती. मालकांना तो आकडा परवडणारा नव्हता. गटाने नकार द्यायचे ठरवले. सहा जणी एका बाजूला होत्या, तीन जणी गप्प होत्या.

त्या तिघींनी आठवड्याभरात ती मागणी स्वतंत्रपणे घेतली. वरचा थर हाताने जोडायचा, बाकी सगळे यंत्रावर मारायचे, असे त्यांनी मालकांना सांगितले आणि मालकांना ते चालत होते. आम्हांला ते कळले तेव्हा आम्ही त्यांच्याकडे गेलो. रागावून गेलो नव्हतो, पण मनात पुष्कळ मुद्दे होते. हाताच्या गोधडीचा दर सांभाळायला चार वर्षे लागली, आता गावात सगळे १५०० चा आकडा सांगणार, वगैरे. त्यांतल्या एकीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाई, तत्त्व तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. जूनला पोराची फी माझ्याकडं हाय.” यावर आम्ही काही बोललो नाही. आमच्या स्वतःच्या घरी त्या महिन्यात मागच्या सत्राचे मानधन आलेले नव्हते आणि तिला ते ठाऊक होते. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तुम्ही थांबू शकता, मी थांबू शकत नाही, एवढेच तिला सांगायचे होते.

आमचे गणित चुकीचे होते असे आम्हांला आजही वाटत नाही. सोळा रुपये तासाने हाताची गोधडी शिवणे म्हणजे डोळे आणि पाठ विकणे आहे, आणि ज्या कामाला तो दर एकदा लागतो त्याला तो पुढे चिकटून राहतो. पण त्या तिघींनी हाताची गोधडी सोळा रुपयांनी दिलीच नाही. त्यांनी यंत्राची गोधडी यंत्राच्या दराने दिली आणि तिला यंत्राचीच म्हटले. त्यांच्या हिशेबात तासाला किती पडले हे आम्ही विचारले नाही. विचारायचा अधिकार गटाला होता, पण त्या वेळी त्या गटाच्या म्हणून काम करत नव्हत्या. तत्त्वाने चालणारा दर आणि जून महिन्याने चालणारा दर हे दोन्ही एकाच सोप्यात नांदतात. एकाने दुसऱ्याला खोटे ठरवावे अशी सोय तिथे नाही. १९३५ मध्ये खादीच्या कार्यकर्त्यांनी घेतलेला आक्षेप आम्ही आता पूर्वीपेक्षा अधिक सहानुभूतीने वाचतो.

त्या तिघी पावसाळ्यात परत आल्या. त्यांना कुणी काही विचारले नाही. त्यांनीच एक सूचना आणली: गटाने दर गोधडीमागे शंभर रुपये बाजूला ठेवावेत आणि मे-जूनमध्ये ज्या घराला गरज असेल त्या घराला ते आगाऊ द्यावेत, म्हणजे पुढच्या वेळी नकार देताना सगळ्यांना सारखेच थांबता येईल. यावर बरीच चर्चा झाली. शंभर रुपये किमतीत वाढवायचे की तासाच्या दरातून कापायचे, यावर दोन तट पडले. मावशी कापण्याच्या बाजूच्या होत्या. त्यांच्या मते गिऱ्हाइकाने आपल्या अडीनडीचे पैसे का द्यावेत? आम्ही दोघी वाढवण्याच्या बाजूने बोललो, कारण आमच्या मते अडीनडी हाही मजुरीचाच भाग आहे. शिवणाऱ्या माणसाला फक्त शिवण्याच्या तासातच भूक लागते असे नाही, आणि बिनपगारी उन्हाळे काढलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मत मोजले तेव्हा आमच्या बाजूने पाच हात वर झाले आणि गोधडीची किंमत ३६०० झाली. मावशींनी निकाल मान्य केला. वही बंद होता होता त्यांनी एवढेच विचारून घेतले, की वाढलेले शंभर चिठ्ठीवर लिहिणार की नाही. लिहिणार, असे आम्ही सांगितले. आता चिठ्ठीवर सामान, शिवण, बोलणे आणि उन्हाळा असे चार रकाने असतात. गिऱ्हाइके पहिल्या तीन रकान्यांवर काही ना काही बोलतात. चौथ्यावर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.